जुनं कौलारू घर घ्यायचंय? आधी जुलैत जाऊन बघा

मागच्या महिन्यात गावच्या घराचे फोटो टाकले आणि तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच मेसेज येतोय, आमच्यासाठी पण बघ ना असं एखादं जुनं घर, पडकं असलं तरी चालेल, रिनोव्हेट करू. हे 'पडकं असलं तरी चालेल' वाचून हसू पण आलं आणि थोडा रागही, म्हणून सगळ्यांना एकदाच उत्तर देते.

आमचं घर कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत आहे. जांभ्याचं जोतं, मातीच्या जाड भिंती, पडवी, माजघर, माळा आणि वर मंगळुरी कौलं. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा अर्धी कौलं उडाली, मालक मुंबईत, घर आधीच आठ-दहा वर्षं बंद, त्यांनी वर ताडपत्री टाकली आणि शेवटी वैतागून विकायला काढलं. आम्ही ते डिसेंबरात बघितलं. डिसेंबरात कोकणातलं कुठलंही घर सुंदरच दिसतं हो! खळं म्हणजे पुढचं अंगण सारवलेलं, ऊन तिरपं, आंब्याला मोहर येऊ घातलेला. जुलैत गेलो असतो तर माजघराच्या भिंतीला हात लावल्यावर बोटं आत जातात हे तेव्हाच कळलं असतं आणि किंमतही वेगळी बोलली असती.

घर जुनं झालं म्हणून पडत नाही, बंद राहिलं म्हणून पडतं, हे मला तिथे कळलं. पूर्वी चुलीचा धूर रोज वाशांना लागायचा, त्यानं लाकूड कोरडं राहायचं आणि कीड लांब राहायची. दर मे महिन्यात कौलं काढून, झाडून, फुटकी बदलून परत लावायची, त्याला शाकारणी म्हणतात. पावसाच्या बाजूच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची. हे सगळं थांबलं की एक कौल सरकतं, तिथून पाणी वाशावर, वाशावरून भिंतीच्या माथ्यावर, आणि मातीची भिंत एकदा माथ्यातून भिजली की मग फार वाट बघत नाही. वाळवी तर तयारच असते. त्यामुळे विकत घेऊन परत अकरा महिने कुलूपच लावणार असाल तर प्लीज घेऊ नका, रिसॉर्टमध्ये रूम घ्या, स्वस्त पडेल.

आता आमची चूक. पहिला कॉन्ट्रॅक्टर (नाव नाही घेत) म्हणाला, मॅडम सगळ्या भिंतींना सिमेंट प्लास्टर मारून टाकू, टेन्शन नाही. आम्ही खूश. दोन पावसाळ्यांत ते प्लास्टर पापडासारखं फुगलं आणि खाली येताना मातीचा थर पण घेऊन आलं, कारण मातीची भिंत ओल शोषते आणि परत सोडते, सिमेंटनं ती सोडायची वाटच बंद होते. मग वाडीतल्या एका वयस्कर गवंड्याला बोलावलं, त्यांनी भिंतीकडे बघून पहिलाच प्रश्न विचारला, "ह्यां शिमीट कोणी लावल्यान?" आम्ही दोघंही गप्प. सगळं खरवडून परत माती आणि चुन्याचं केलं. चुना आधी बरेच दिवस भिजवून ठेवावा लागतो, आणि ते काम येणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे तारखा त्यांच्या, आपल्या नाही. बजेट आठ लाखांचं होतं, चौदावर गेलं.

कौलांचं मात्र सुख आहे. काही कौलांच्या मागे कारखान्याचा छाप अजून वाचता येतो. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि मग ही चपटी कौलं किनाऱ्यानं वर वर आली, त्याआधी नळ्यांची, म्हणजे अर्धगोल कौलांची घरं होती. म्हणून फुटली नसतील ती फेकू नका, धुऊन परत लावा. आणि स्लॅब टाकून त्यावर शोभेची कौलं चिकटवायची जी फॅशन आलीय ना, त्यापेक्षा सरळ स्लॅबचं घर बांधलेलं मला चालेल.

लाकूड, भिंती सगळं पैशानं दुरुस्त होतं, हिस्सेदार होत नाहीत. सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातले तीन वारले, वारसनोंद नाही, एक काकी बडोद्याला, हे आपल्याकडे अगदी नॉर्मल आहे. 'माझा हिस्सा देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्यानं घेतला तरी त्याला बाकीच्यांबरोबर घरात ताबा मागता येत नाही, म्हणजे पैसे देऊन तुम्ही खळ्यातच उभे. घरपट्टी ज्याच्या नावावर तो मालक, असंही नसतं. कितीतरी ठिकाणी घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची असते. जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल तर कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, म्हणजे परवानगीशिवाय ती घेताच येत नाही. आम्हाला सगळ्यांच्या सह्या गोळा करायला दीड वर्ष लागलं, आणि ती बडोद्याची काकी खरंच आमच्याच घराची आहे. फार गोड आहे, पण सहीला तिनं सात महिने घेतले, कारण तिला आधी घर एकदा बघायचं होतं. बघितलं, माजघरात बसून रडली, मग सही केली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण कोणाचं तरी काहीतरी घेतोय. अजून वाटतं कधी कधी.

आता वर्षातले चार महिने मी तिथूनच काम करते, नेट जातं, साप निघतात, मागच्या पडवीत चूल रोज पेटते. ज्यांना खरंच घ्यायचंय त्यांनी जुलैत दोन दिवस राहायला या, बिनधास्त. येताना जुने टॉवेल आणा, पडवीत एका जागी अजून गळतंय आणि नेमकं कुठलं कौल ते सापडत नाहीये.