जोड कोणाशी होती ते आधी सांगा

डेट्रॉइटला येऊन मला बारा वर्षं झाली आणि आमचा कोल्हापूरचा शाळेतला ग्रुप परत पेटलाय, सगळ्यात मोठा हेवीवेट बॉक्सर कोण. एकजण टायसनच्या नॉकआउटचे व्हिडिओ टाकतोय, दुसरा म्हणतो मार्सियानो 49 पैकी 49 जिंकला, विषय संपला.

अरे, आपण खासबागेत कुस्ती बघून मोठे झालो ना? तिथं पैलवान किती कुस्त्या जिंकला हे कुणी नुसतं विचारतं का, आधी विचारतात जोड कोणाशी होती.

इथं जेफरसन अव्हेन्यूवर जुना हेवीवेट चॅम्पियन जो लुईस याच्या हाताचं शिल्प टांगलंय, नुसता हात आणि मूठ, 24 फूट लांब. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला लुईसबद्दल काहीच माहीत नव्हतं, मग वाचत गेलो. 1936 ला जर्मनीच्या श्मेलिंगनं त्याला बाराव्या राउंडला पाडलं, आणि 1938 ला यांकी स्टेडियमवर यानं त्याच श्मेलिंगला 124 सेकंदात संपवला. 1937 ते 1949 चॅम्पियन, 25 वेळा टायटल राखलं, युद्धात सैन्यात गेला, लढतींचे पैसे आर्मी-नेव्हीच्या फंडाला दिले. आणि तरी टॅक्सचं कर्ज डोक्यावर म्हणून रिटायर झालेला माणूस परत रिंगमधे उतरला. 1951 ला, वय 37, मार्सियानोनं त्याला आठव्या राउंडला दोरांमधून बाहेर पाडला. तुमच्या त्या 49 मधला एक हा आहे. मार्सियानोनं चॅम्पियन वॉलकॉटकडून टायटल घेतलं तेव्हा वॉलकॉट 38 चा होता.

म्हणून माझ्यासाठी अली पहिला. ऐन उमेदीची साडेतीन वर्षं त्याला लढूच दिलं नाही, तरी लिस्टन, फ्रेझर, फोरमन ही जोड बघा, आफ्रिकेत किन्शासाला फोरमन अलीशी लढायला आला तेव्हा 40 पैकी 40 जिंकलेला होता. लुईस अगदी केसभर मागं. टायसनचा जोर मला मान्य आहे, पण होलीफिल्ड आणि लुईस (लेनॉक्स, आपला जो नाही) समोर आले तेव्हा तो हरला.

आणि हॅरी विल्स या काळ्या बॉक्सरचं काय करायचं? पहिला काळा हेवीवेट चॅम्पियन जॅक जॉन्सन 1915 ला हरल्यावर 1937 पर्यंत एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेट टायटलसाठी लढू दिलं नाही. विल्स वर्षानुवर्षं तेव्हाचा चॅम्पियन डेम्प्सीशी लढत मागत राहिला आणि ती झालीच नाही. ग्रुपवरच्या एकाही यादीत त्याचं नाव नाही, मी माझ्या यादीत डेम्प्सीच्या शेजारी त्याची जागा रिकामी ठेवलीय.