पोईतलं यीस्ट बाळाची गुणसूत्रं बिघडवत नाही

वहिनीला पाचवा महिना लागलाय. परवा सकाळी पोई (आमचा गोव्याचा पाव) विकणाऱ्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला, पण ती दाराकडे गेलीच नाही. विचारलं तर फोन पुढे केला: ‘जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, यीस्टमध्ये गुणसूत्रं चुकीची विभागली जातात. गरोदरपणी बेकरीचा पाव खाल्ला तर बाळाला डाऊन सिंड्रोम होतो. पूर्वीचे पोदेर यीस्ट वापरतच नव्हते.’ फोंड्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या तीन ग्रुपवर हेच फिरतंय.

सगळ्यात घातक ते मधलं वाक्य. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात. जादा प्रत बहुतेक वेळा आईच्या बीजांडातून येते, आणि त्या बीजांडाचं अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारी, दोन टप्प्यांची पेशीविभागणी) ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच सुरू झालेलं असतं. मग ते वर्षानुवर्षं अडून राहतं आणि गर्भ राहतो तेव्हा पुरं होतं. पाचव्या महिन्यात खाल्लेली पोई तिथे पोचणार कशी? आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते, हे खरं. पावाचा काही संबंध नाही. आमच्या वाड्यावर असं मूल असलेली एक आई आहे. हे वाचून ती बिचारी तेव्हा आपण काय खाल्लं होतं ते आठवत बसली असेल, याचा मला संताप येतो.

जपानी संशोधन मात्र झालंय. टोकियोत योशिनोरी वातानाबे यांच्या गटाने २००४ मध्ये यीस्टमधलं ‘शुगोशिन’ हे प्रथिन ओळखलं. शुगोशिन म्हणजे आपला राखणदारच. गुणसूत्राच्या जुळ्या प्रती कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेल्या असतात. पहिल्या विभाजनात सेपरेज नावाचं विकर (एन्झाइम) टोकांकडची कडी कापतं. मधल्या सांध्यावरची शुगोशिन राखतं, म्हणून जुळ्या प्रती एकत्रच एका बाजूला जातात. दुसऱ्या विभाजनात राखण उठते, तीही कडी तुटतात. विभागणीत गोंधळ झाला तो शुगोशिनचं जनुक मुद्दाम काढलेल्या पेशींत. शिवाय ते यीस्ट पावाचं नव्हतंच, दुसऱ्याच जातीचं होतं. माणसातही अशीच यंत्रणा आहे, म्हणून तर यीस्टवर अभ्यास होतो. पण सारखी यंत्रणा म्हणजे लागण नव्हे.

पिठात साखर मिळते तोवर यीस्ट नुसतं कळ्या फुटून वाढतं. अर्धसूत्री विभाजनाकडे वळतं ते उपासमार झाल्यावर. भट्टीत तर मरूनच जातं.

पूर्वी पोदेर माडाची सूर (माडी) घालत, हे कबूल. पण सूर आंबते तीही यीस्टमुळेच. माझ्या आजीच्या सान्नांत, म्हणजे सूर घालून आंबवलेल्या इडल्यांत, तेच होतं.