सिम्प्युटर जगातला पहिला स्मार्टफोन नव्हता, आणि तसं म्हणायची गरजही नाही

आयफोनचं नवं मॉडेल आलं की एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: आयफोनच्या कितीतरी आधी भारतीयांनी 'सिम्प्युटर' नावाचा जगातला पहिला स्मार्टफोन बनवला, परदेशी कंपन्यांनी त्यातल्या कल्पना चोरल्या, सरकारने तो मारला आणि ओपन सोर्सच्या, म्हणजे आराखडा आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवण्याच्या, भाबड्या हट्टाने उरलंसुरलं घालवलं. पाठवणाऱ्यांचा अभिमान खरा आहे, आणि सिम्प्युटरचा मलाही अभिमान आहे. पण या मजकुरात त्या यंत्राचं खरं मोठेपण कुठेच सापडत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी 'पहिला स्मार्टफोन'. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे अभियंते यांनी मिळून १९९९ मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. एप्रिल २००१ मध्ये यंत्राचा नमुना लोकांसमोर आला. तोवर ॲपलचा न्यूटन (१९९३) आणि पाम पायलट (१९९६) हे हातात मावणारे संगणक आणि आयबीएमचा टचस्क्रीन फोन सायमन (१९९४) येऊन गेले होते. सिम्प्युटरमधला २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर कॉम्पॅकच्या आयपॅक या तशाच छोट्या संगणकात २००० सालीच होता. आणि मुळात सिम्प्युटर हा फोन नव्हताच. टेलिफोनच्या तारेला जोडायचा मोडेम, कृष्णधवल पडदा, त्यावर टेकवायची स्टायलस (लेखणी), आत लिनक्स ही ओपन सोर्स कार्यप्रणाली आणि ट्रिपल-ए आकाराचे सेल, असा तो हातात मावणारा, न वाचू शकणाऱ्यांनाही वापरता यावा म्हणून बनवलेला संगणक होता.

चोरीचा आरोप बहुतेक वेळा ॲक्सेलरोमीटरवरून होतो. २००४ मध्ये आलेल्या 'अमिडा' सिम्प्युटरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर होता, हे खरं. पण हातातलं यंत्र तिरकं करून पडदा हलवण्याचे प्रयोग कॉम्पॅकच्या प्रयोगशाळेत 'इत्सी' या यंत्रावर त्याआधीच झाले होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिम्प्युटरचा आराखडा लपवलेला नव्हता. ट्रस्टने हार्डवेअरसाठीही एक खुला परवाना तयार केला होता: विकसनशील देशांतल्या उत्पादकाने एकदाच २५,००० डॉलर भरायचे, श्रीमंत देशांतल्याने २,५०,००० डॉलर, आणि केलेल्या सुधारणा ठरावीक मुदतीनंतर ट्रस्टला परत द्यायच्या. सॉफ्टवेअरच्या मोकळेपणाचं तत्त्व सर्किटला लावून पाहणारं इतकं नीट विचार केलेलं काम त्या काळात जगात विरळाच. ज्यांनी स्वतःहून दार उघडं ठेवलं, त्यांच्या घरी चोरी झाली असं सांगणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

सरकारने मारला? अमिडा बनवणारी भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारीच कंपनी. कर्नाटकच्या 'भूमी' या जमीन-नोंदींच्या प्रकल्पात आणि छत्तीसगडमधल्या शिक्षणात सिम्प्युटर वापरले गेले. एखाद्या राज्याने हजारोंनी मागणी नोंदवली असती तर किंमत उतरली असती, एवढी तक्रार रास्त आहे. पण तो मागे पडला त्याचं मोठं कारण बाजारात होतं. नऊ-दहा हजारांचं लक्ष्य गाठणारा सर्वांत साधा अमिडा ९,९५० रुपयांना होता, रंगीत पडद्याचा त्याच्या जवळपास दुप्पट. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, २००३ मध्ये, मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले, ५०१ रुपये भरून रिलायन्सचा फोन हातात पडू लागला. वाचता न येणाऱ्या माणसाला बोलण्यासाठी पडद्याची गरजच उरली नाही.

माझ्या मते खरं सांगण्यासारखं आहे ते स्मार्ट कार्ड. सिम्प्युटर प्रत्येकाने विकत घ्यावा अशी अपेक्षाच नव्हती. गावात एक यंत्र असावं, पंचायतीत, शाळेत किंवा किराणा दुकानात. ज्याला लागेल त्याच्याकडे स्वतःचं कार्ड, त्यात त्याची माहिती. कार्ड सरकवलं की यंत्र त्याचं, काढलं की पुढच्याचं. दहा हजारांची किंमत अशी शंभर घरांत वाटली जाणार होती. म्हैसूरच्या संघमित्रा संस्थेने सूक्ष्मकर्जाच्या कामासाठी हे यंत्र वापरलं, तो वापर या कल्पनेच्या जवळचा होता. इतर ठिकाणी मात्र त्याला वेगळीच कामं मिळाली: मुंबईत महिंद्राकडे गाडीच्या इंजिनातले दोष शोधणं, गोव्यात डेंपोंच्या खाणीपासून जहाजापर्यंत लोहखनिजाचा माग ठेवणं. कामं चोख झाली, पण ती कंपन्यांची होती. गावात ते यंत्र कोण सांभाळणार, त्यातली माहिती रोज ताजी कोण करणार, याचं उत्तर चांगल्या सर्किटने मिळत नाही. त्यासाठी पगारी माणूस लागतो, आणि त्याची तरतूद सहसा कुणीच करत नाही. आजही गावोगावी टॅब वाटले जातात तेव्हा मला हाच प्रश्न पडतो.

राहिला ओपन सोर्सवरचा राग. ज्या अँड्रॉइड फोनवर हा मजकूर फिरतो, त्याच्या मुळाशी लिनक्सच आहे, तेव्हा मोकळेपणामुळे यंत्र बुडतं हे म्हणणं टिकत नाही. सिम्प्युटरपुरतं बोलायचं तर मोकळेपणामुळेच त्यातलं काहीतरी शिल्लक राहिलं. २००१ मध्ये आपल्याकडे एका कार्यालयातली मराठी फाइल दुसरीकडे उघडली तर अक्षरांचा चुरा दिसायचा, कारण इथे श्रीलिपी तर तिथे शिवाजी असे एकमेकांशी न जुळणारे फॉन्ट. त्या दिवसांत सिम्प्युटरच्या गटाने भारतीय भाषांतला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी 'ध्वनी' ही प्रणाली लिहिली, न वाचू शकणाऱ्यांसाठी. यंत्राची विक्री काही हजारांवर थांबली, तरी ध्वनीचा कोड खुला होता. तो पुढे केरळमधल्या मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांनी हाती घेतला, त्यात एकेक भाषा घातली, आणि त्यात मराठीही आली.