बाहेर जा आणि परत ये

चौथीत असताना गुरुजींनी मला एकदा वर्गाबाहेर काढलं होतं, सतराचा पाढा येईना म्हणून. त्यानंतर मला कुणी बाहेर काढलं ते थेट गेल्या महिन्यात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, फ्रान्सच्या पार उत्तरेला, एका पाववाल्याच्या दुकानातून. बाहेर पाऊस होता. गुरुजींच्या वेळी निदान व्हरांडा तरी होता.

गुन्हा काय, तर दुकानात शिरल्यावर मी 'बोंजूर', म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हटलं नाही.

पोरगी तिथल्याच लील शहरात शिकते. तिची परीक्षा चालू, मी घरात बसून तिच्या कपाटांची दारं ठीक करत होतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठंतरी जाऊन या." हा प्रेमाचा सल्ला नव्हता. नकाशात बघता बघता आर्मांतियेर हे नाव दिसलं. रेल्वेनं वीसेक मिनिटं, लिस नदीच्या काठावर, बेल्जियमच्या हद्दीला खेटून, आणि टोपणनाव 'कापडाचं गाव'. झालं. इचलकरंजीच्या माणसाला आणखी काय सांगायला पाहिजे? आमच्याकडे विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाचा श्वास खडखड आवाजातच चालतो. माझे स्वतःचे चोवीस माग होते. पोरगी इंजिनिअर झाली, माग दुरुस्त करणारा जॉबर दुबईला गेला, आणि मी माग विकून निवृत्त झालो, म्हणजे लोकांच्या मागांवर मतं द्यायला मोकळा झालो.

निघताना पोरगीनं तीनदा बजावलं, "बाबा, कुठंही गेलात तर आधी बोंजूर म्हणा." मी म्हटलं, "बरं बरं." छत्री घ्या, गोळी घ्या, बोंजूर म्हणा, हे सगळं मी एकाच कानात ठेवलं आणि तो कान घरीच राहिला.

दिवस सोमवार. सोमवारी त्या गावात काय काय बंद असतं याची यादी करण्यापेक्षा काय उघडं असतं ते सांगणं सोपं. चौक, पाऊस आणि मी. नगरपालिकेचा घंटाघराचा मनोरा मात्र झकास, लाल विटांचा. २००५ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. लुई कोर्दोनिए नावाच्या वास्तुविशारदाचं काम. नेदरलंड्समधल्या हेगचा शांती प्रासाद त्याचाच. पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या एप्रिलमध्ये, या गावावर विषारी वायूचे गोळे पडले, गाव मोडून पडलं, आणि शांती प्रासादवाल्यानंच येऊन ते परत उभं केलं. मी मान वर करून बघत होतो, तोंडात पाऊस पडत होता, आणि पोटात कावळे. साडेबारा वाजले होते.

एकच दुकान उघडं. काचेआड पाव. आत रांग, सात-आठ माणसं. माझा नंबर आला. गल्ल्यावरची बाई चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, चेहरा तलाठ्याचा.

मी हसून बोट दाखवलं. "क्रोसाँ, प्लीज."

ती म्हणाली, "बोंजूर."

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. "क्रोसाँ. वन."

"बोंजूर."

मी आवाज वाढवला. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाचा हा इलाज. काचेवर वाफ धरली.

"बोंजूर, मस्यू," ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि हाताची घडी घातली. बँकेत एखादं टेबल अचानक बंद होतं ना, तसं.

इतक्यात माझ्या खांद्यावर टकटक झालं. मागे एक आजीबाई. ऐंशीच्या तरी असतील. डोक्यावर प्लास्टिकची पारदर्शक टोपडी हनुवटीखाली गाठ मारून बांधलेली, एका हातात चाकाची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, जिची मूठ आत्ता माझ्या खांद्यावर होती. त्यांनी मला उद्देशून एक भाषण केलं. लांब होतं, आणि त्यात स्वल्पविराम नव्हते. त्यांच्या मागे एक गवंडी उभा होता, चुन्यानं भुवयांपर्यंत पांढरा झालेला. त्याला थोडं इंग्रजी येत होतं आणि भूक फार लागलेली होती. त्यानं सुस्कारा सोडून दुभाष्याचं काम पत्करलं.

"त्या म्हणतात, तू बोंजूर म्हणाला नाहीस."

"मी हसलो की."

त्यानं फ्रेंच केलं. आजीबाईंनी उत्तर दिलं.

"त्या म्हणतात, हसणं म्हणजे शब्द नव्हे."

मी म्हटलं, "ठीक आहे. बोंजूर."

आजीबाईंनी डोकं हलवलं. टोपडीवरचं पाणी माझ्या बाहीवर उडालं.

"त्या म्हणतात, आता उशीर झाला. बोंजूर दारात म्हणायचं असतं. बाहेर जा आणि परत ये."

आता इथं कुठलाही स्वाभिमानी माणूस काय करेल? पुढचं दुकान गाठेल. पण सोमवार होता. मी गेलो. खरंच गेलो. दारावरची घंटी वाजली, दार बंद झालं आणि मी पावसात उभा राहिलो. काचेतून रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. शांतपणे, नाटकाचा पडदा वर जायची वाट बघावी तशी. माझं प्रतिबिंबही त्यांच्यातच दिसत होतं, भिजलेलं. मनात आलं, इचलकरंजीत माझ्या समोर अजून माणसं विडी विझवतात.

आत आलो. "बोंजूर."

गल्ल्यावरची बाई काही बोलायच्या आत आजीबाईंनी बोट वर केलं. नुसतं बोंजूर कुत्र्याला म्हणतात, असं गवंड्याच्या तोंडून कळलं. बाईला 'बोंजूर, मादाम'. आणि रांगेत माणसं असतील तर त्यांना सगळ्यांना मिळून 'मस्यू-दाम'. मी तेही म्हटलं. आणि काय सांगू, अख्ख्या रांगेनं एका सुरात 'बोंजूर' म्हणून उत्तर दिलं, आमच्या शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर पोरं म्हणायची तसं! गवंड्यानंही म्हटलं. तलाठीण बाई हसली. दात चांगले होते तिचे. इतका वेळ दडवून ठेवले होते.

त्या क्षणी घंटी वाजली आणि एक विशीतला पोरगा आत आला, कानात बोंडं घातलेली, फोनमध्ये डोळे. आत येता येता तो नुसतं "'जूर" असं पुटपुटला. अर्धवट, शेपटासारखं. आणि ते चाललं! कुणी त्याला बाहेर पाठवलं नाही, आजीबाईंनी छत्री उचलली नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, मग त्या पोराकडे. त्या वेळी मला जे वाटलं ते काही विनोदी नव्हतं. माझ्याकडून अख्खं वाक्य वसूल केलं, पावसासकट. त्याचं शेपूट गोड मानून घेतलं. घरचा म्हणून, की आणखी कशामुळं, हे मी विचारलं नाही. गवंड्याची भूकही तोवर टोकाला गेली होती.

क्रोसाँ तोवर संपले. मग मी पोरगीनं शिकवलेलं दुसरं नाव काढलं, "पँ ओ शोकोला." चॉकलेट घातलेला पाव. पॅरिसमध्ये चालतं. इथं आजीबाईंनी पुन्हा बोट वर केलं. पॅरिसवाले काय वाटेल ते म्हणोत, आणि तिकडं दक्षिणेत तर त्याला 'शोकोलातीन' म्हणतात (हे सांगताना त्यांनी तोंड असं केलं की जणू तिकडचे लोक भाकरीला पिझ्झा म्हणतात). इकडं नॉरमध्ये, म्हणजे या उत्तरेकडच्या जिल्ह्यात, त्याला 'प्ती पँ' म्हणायचं. छोटा पाव. बस. इथं दुपारच्या जेवणालाही 'दिने' म्हणतात, जे पॅरिसमध्ये रात्रीचं. आणि फरशी पुसायच्या फडक्याला 'वासांग'. त्या शब्दाचा विषय कशावरून निघाला? माझ्या बुटांतून फरशीवर ओघळलेल्या पाण्याकडे बोट दाखवून त्या तलाठीण बाईला तेच मागत होत्या.

कोल्हापूरकडचा माणूस आहे मी. पुण्याला गेलं की आमच्या बोलण्यावर लोक हसतात, हे मला नवीन नाही. त्यामुळं फडक्यासाठी वेगळा शब्द राखून ठेवणाऱ्या या बाईबद्दल मला क्षणभर आपुलकी वाटली. क्षणभरच.

कारण मग त्यांनी विचारलं, कुठला? मी म्हटलं, इंडिया. आणि जरा छाती काढून, "कापड. मी कापड विणायचो. तुमच्यासारखंच गाव." हाताने धोटा इकडून तिकडे फेकून दाखवला. धोटा ओळखल्यावर त्यांचे डोळेच बदलले. त्या आणि त्यांची आई, दोघी इथल्याच गिरणीत होत्या. लिननच्या चादरी, टॉवेल. आता तो खडखडाट गेला. नदीकाठची लाल विटांची जुनी ब्रुअरी दाखवत गवंडी म्हणाला, तिथंही आता लोक राहतात.

आणि आजीबाईंनी हात पुढं करून माझ्या शर्टाची कॉलर धरली. अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळली, एकदा उभी, एकदा आडवी. दुकान गप्प. मी स्वतः हजारो तागे असेच चोळून बघितलेत, व्यापाऱ्याचा जीव टांगणीला लावून. आज पहिल्यांदा मी तागा होतो.

"पोलिएस्तेर," त्या म्हणाल्या.

"त्या म्हणतात, पॉलिएस्टर," गवंडी म्हणाला.

"कळलं मला!"

चोवीस मागांचा मालक. बासष्ट वर्षं. आणि अंगात मिक्स कापड, सगळ्या गावासमोर. मी सांगायचा प्रयत्न केला की हा शर्ट मेव्हण्यानं दिलाय, प्रवासात इस्त्री लागत नाही म्हणून घातला, घरी माझ्याकडे साठ-साठचं सुती आहे. गवंड्यानं एवढंच भाषांतर केलं: "मेव्हणा." रांग समजूतदारपणे हळहळली. मेव्हणे सगळीकडे असतात.

सूड म्हणून मी म्हटलं, तुमचं लिनन ज्यापासून होतं ना, ते जवस आम्ही खातो. भाजून, लसूण-तिखट घालून, चटणी. भाकरीबरोबर. आजीबाई दोन पावलं मागे सरल्या. चादर खातो असंच त्यांना कळलं असणार. मी ते दुरुस्त केलं नाही.

निघताना तिथल्या काचेत बिस्किटं दिसली, न्यूल म्हणून. दर सप्टेंबरला तिथं नगरपालिकेच्या इमारतीवरून ही बिस्किटं खाली लोकांवर फेकतात. १५१० सालची गोष्ट सांगतात, कुणा सरदारानं मेजवानीतली उरलेली बिस्किटं पोरांकडे भिरकावली होती. म्हणजे मानानं दिलेलं काही नाही, वरून टाकलेलं. त्याला बोंजूर लागत नसावा. चार घेतली.

दारापर्यंत पोचलो तर मागून तोच तलाठी सूर, "ओ रव्वार, मस्यू!" जातानाही देणं असतं. फेडलं. नाहीतर पुन्हा बाहेर जाऊन आत येऊन बाहेर जायची वेळ आली असती.

नदीकाठी एका बाकावर रुमाल टाकून बसलो. लिस. लहानशी, करडी, काम करणारी नदी. कालव्यासारखे सरळ केलेले काठ. एके काळी इथून खाली बेल्जियमपर्यंत हिच्या पाण्यात जवसाच्या पेंढ्या बुडवून ठेवायचे, देठ कुजून धागा सुटावा म्हणून. अंबाडी कुजवतात तसंच. वास मैलभर जायचा म्हणे, पण लिनन असं उतरायचं की हिला 'सोनेरी नदी' म्हणायचे. आमच्या पंचगंगेलाही वास आहे, रंगही बदलते ती. पण सोनेरी तिला अजून कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

प्ती पँ उत्तम होता. हे कबूल करावं लागल्याचा राग वेगळाच. या लोकांचा पाव २०२२ साली युनेस्कोच्या यादीत गेला, बागेट. मनोरा गेला, पाव गेला. बोंजूर अजून गेला नाही याचंच नवल. अर्ज केला असेल आणि युनेस्कोवाले दारात काही न बोलता आत शिरले असतील, म्हणून परत पाठवलं असेल.

एक बार्ज आली, वाळू भरलेली, पाण्याला टेकलेली. सुकाणूवरचा माणूस माझ्यापासून दहा हातांवरून चालला होता. मी उभा राहिलो, हात वर केला, आणि पोटातून ओरडलो, "बोंजूर, मस्यू!" अख्खं. मस्यूसकट.

त्यानं बघितलंसुद्धा नाही. चहा पीत होता.

मी आजूबाजूला बघितलं. छत्रीवाल्या आजीबाई अशा वेळी नसतात.

संध्याकाळी पोरगीनं सगळं ऐकलं, हसून लोळली, आणि मग उठून माझ्या कॉलरच्या आतली पट्टी वाचली. "पासष्ट टक्के," ती म्हणाली. एवढंच. मेव्हण्याला अजून फोन केलेला नाही.

परत येऊन आठवडा झाला. सवय म्हणा, खोड म्हणा, परवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाऊल टाकताना माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "नमस्कार." दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, त्यांच्याकडेही वळून म्हटलं, "नमस्कार मंडळी." तिघंही जरा बाजूला सरकले. मालक पंचवीस वर्षांच्या ओळखीचा. त्यानं तराजूतली साखर तशीच ठेवली, गल्ल्याचा खण आत ढकलला आणि म्हणाला,

"नमस्कार राहू द्या काका. पावती कितीची फाडणार, ते सांगा."