‘कारखाना परदेशी गेला तर बिघडलं काय?’ बरंच बिघडतं

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कारखाने स्वस्त मजुरीच्या देशांत गेले म्हणून गळे काढू नका. नोकऱ्या खरं तर यंत्रांनी खाल्ल्या, कामगार नवं काम शिकतो, माल स्वस्त होतो, तिकडच्या गरिबाला रोजगार मिळतो आणि इकडच्याला भरपाईही मिळते. ऐकायला झकास!

आधी यंत्रं. त्यांनी काही नोकऱ्या खाल्ल्याच, त्यात वाद नाही. पण अमेरिकेत १९८० च्या दशकापासून २००० पर्यंत कारखान्यांतले कामगार पावणेदोन कोटींच्या आसपास घुटमळत होते, आणि यंत्रं त्या काळातही येतच होती. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. २०१० पर्यंत हा आकडा १.१५ कोटींवर आला. २००८ ची मंदी पुढे करायची सोय नाही, कारण तीस लाखांहून जास्त नोकऱ्या तिच्या आधीच गेल्या होत्या. जर्मनीत तर कामगारांच्या प्रमाणात रोबो अमेरिकेपेक्षा जास्त आहेत, तरी तिथे कारखान्यांत काम करणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेपेक्षा मोठं आहे.

‘नवं काम शिकतो’ हे लिहिणाऱ्याने पन्नाशीतला फिटर कधी जवळून पाहिलेला दिसत नाही. वीस-पंचवीस वर्षं त्याच मशीनवर हात बसलेला असतो. आवाजावरून बेअरिंग गेल्याचं त्याला कळतं, पण ही विद्या दुसऱ्या कुठल्या अर्जात लिहिता येत नाही. शिवाय तो एकटा बाहेर पडत नाही. एकाच महिन्यात सगळी पाळी रस्त्यावर येते, सगळे त्याच चार जागांसाठी रांग लावतात, आणि गावातल्या घरांचे भाव पडल्यामुळे घर विकून दुसरीकडे जाणंही परवडत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या अशा जुन्या कामगारांची पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. घाऊक कपातीत नोकरी गेल्यावर पाच-सहा वर्षांनीही त्यांची कमाई नोकरी टिकली असती तर मिळाली असती त्यापेक्षा सुमारे २५ टक्के कमी होती. अशांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी अमेरिकेने १९६२ पासून चालवलेल्या योजनेत जुलै २०२२ पासून नव्या कामगारांना प्रवेशच बंद आहे.

माल स्वस्त होतो, हे कबूल. पण ती बचत कोट्यवधी गिऱ्हाइकांत थोडी थोडी वाटली जाते, आणि तोटा मात्र एकाच गावाच्या बोडक्यावर बसतो.

तिकडच्या गरिबाचं काय? चीनमध्ये कारखान्यांमुळे मजुरी खरोखर वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बांगलादेशातलं राणा प्लाझा, म्हणजे कपड्यांच्या कारखान्यांची इमारत, हीही त्याच साखळीत होती. इमारतीला भेगा पडल्यावर खालची बँक आणि दुकानं बंद झाली, वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. तारीख होती २४ एप्रिल २०१३. इमारत कोसळली आणि ११०० हून जास्त माणसं दगावली. आणि रोजगार मिळाला तरी तो टिकतो का? नोकियाने भरघोस नफा कमावल्यावर लगेच, २००८ मध्ये, जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद करून काम रुमानियातल्या जुकूला नेलं. २०११ मध्ये जुकूही बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. काम आता आशियात जाणार होतं.

एक गोष्ट त्या मजकुरात नाहीच. कारखाना हलवायचीही गरज नसते, ‘हलवू’ म्हटलं तरी भागतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत युनियन बांधण्याच्या मोहिमांचा अभ्यास झाला. जवळपास निम्म्या ठिकाणी मालकांनी कारखाना बंद करण्याची धमकी दिली होती. अशा धमकीनंतर पगारवाढ मागायला तोंड कोण उघडणार?

राहिली भरपाई. बोखुमच्या कामगारांना २० कोटी युरोंचं पॅकेज मिळालं ते कंपनीच्या दयेने नव्हे. जर्मन कायद्यानुसार अशा वेळी कामगारांनी निवडलेल्या कामगार परिषदेशी वाटाघाटी कराव्याच लागतात, आणि भरपाईचा आराखडा मागायचा हक्क परिषदेला असतो. जिथे असा कायदा नाही, तिथे गेटवर नोटीस लागते आणि दुसऱ्या दिवसापासून कार्ड पंच होत नाही.