मुख्य गायक अजून यायचे आहेत

आम्ही घरी खोटं बोललो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. ‘पौर्णिमेच्या रात्री समुद्रकिनारी इंग्रजी गाण्यांचा मोठा कार्यक्रम आहे, रात्रभर चालेल,’ असं सांगितलं होतं आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त गावाचं नाव तेवढं सांगायचं राहिलं, कारण बाबांनी ते विचारलंच नाही. बाबा फोंडा तालुक्यातले. ज्या तालुक्यात मंगेशकरांचं मंगेशी आहे आणि गायिका केसरबाई केरकरांची केरी आहे, तिथला माणूस कार्यक्रम कुठे आहे हे विचारत नाही. तो विचारतो, “गाणार कोण?”

१९८८ सालचा डिसेंबर. मी अकरावीत होतो. गिरगावातला माझा आतेभाऊ नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे आला होता. काळा टी-शर्ट, त्यावर कवटी. आजीने तो पाहिला आणि कुणाचं काय झालं म्हणून चौकशी केली. आतेभाऊ रॉकमधला अधिकारी माणूस. धोबी तलावच्या रंगभवनात होणारे रॉकचे कार्यक्रम त्याने भिंतीबाहेर उभं राहून ऐकले होते. आमच्या वाड्यावर भिंतीच्या आतून किंवा बाहेरून रॉक ऐकलेला दुसरा कोणीच नसल्याने त्याचा शब्द अखेरचा. त्याने खबर आणली होती की अंजुणच्या किनाऱ्यावर ह्या पौर्णिमेला विलायतेहून कुठलासा नामांकित बँड उतरणार आहे. अशी खबर गोव्यात दर डिसेंबरला उठायची, पण मला ते ठाऊक नव्हतं.

आता बाबांची परवानगी. गाणार कोण हे आतेभावालाही माहीत नव्हतं. त्याने सरळ वुडस्टॉक काढलं.

“मामा, हे असंच अमेरिकेत झालं होतं. १९६९ साली. एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या कुरणात. चार लाखांवर माणूस. आणि सुरुवात कधी झाली माहितीय? पंधरा ऑगस्टला.”

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

“आशीर्वचन स्वामी सच्चिदानंदांचं. पहिल्याच रात्री पंडित रविशंकर, तबल्याला अल्लारखाँ. भर पावसात वाजवलं.”

“पावसात?” बाबा कळवळले. “सतार होती ना रे हातात!”

“आणि शेवट?” हा प्रश्न आजीचा. आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमाची परीक्षा शेवटावरून होते.

“शेवटी जिमी हेंड्रिक्स. तो सगळ्यात मोठा, म्हणून त्याला सगळ्यात शेवटी ठेवलेलं. रविवारी रात्री यायचा, तो सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला आला. निम्म्याहून जास्त लोक तोवर घरी गेले होते.”

“मग त्याने वाजवलं काय?”

“राष्ट्रगीत.”

ते अमेरिकेचं, आणि गिटारीतून बाँब पडल्यासारखे आवाज काढत वाजवलं, हा तपशील त्याने मामांना दिला नाही. आशीर्वचनाने सुरू होऊन राष्ट्रगीताने संपणारा कार्यक्रम म्हणजे बाबांच्या दृष्टीने शाळेचं स्नेहसंमेलनच. परवानगी मिळाली. शिवाय मार्गशीर्षातली पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती. आईने चकल्या, लाडू आणि दोन मफलर दिले.

(बाबांना तेव्हा एक गोष्ट ठाऊक असती तर वुडस्टॉकचीही गरज पडली नसती. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानं अंतराळात पाठवली. त्यांतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि त्याच तबकडीवर चक बेरीचं रॉक अँड रोलही आहे. सूर्यमालेबाहेर शेजारी बसायला बाईंची हरकत नव्हती. फोंड्यात असती की काय, सांगता येत नाही.)

प्रवासाबद्दल थोडक्यात. मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला होता आणि नवा व्हायला १९९२ उजाडायचं होतं. त्यामुळे फोंड्याहून पणजी, पणजीला फेरीची रांग, फेरीने बेती, बेतीहून म्हापसा. म्हापशाला अंजुणची शेवटची बस निघून गेलेली. मग पायलट केला. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, पायलट म्हणजे मोटरसायकलवरून भाडं नेणारा. आमच्या पायलटने मफलरांकडे पाहिलं, चकल्यांच्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, “पार्टेक? आतां कोण आसचो ना. बारा वरां उपरांत वचात.”

आतेभाऊ नाराज झाला. त्याला वाटत होतं की ही खबर फक्त त्याच्यापाशी आहे.

किनाऱ्याजवळ आलो तेव्हा आधी आवाज ऐकू आला. खलबत्त्यात कोणीतरी मिरी कुटत बसावं तसा, एका लयीत, न थांबता. माडांमध्ये मोठाले स्पीकर, मागे जनरेटर, चंद्र वर आलेला आणि वाळूत चाळीस-पन्नास गोरे जमिनीकडे बघत डुलत होते. मंच नव्हता. पडदा नव्हता. गिटार तर नजरेला पडेना.

“साउंड चेक,” आतेभाऊ म्हणाला.

मला ते लगेच पटलं. गोव्यातल्या जत्रेची नाटकं ज्याने पाहिली आहेत त्याला कोणीही पटवू शकतं. नाटक नऊला जाहीर असतं. साडेदहापर्यंत मंडप भरतो. मग देणगीदारांचे सत्कार, अध्यक्षांचं भाषण, ज्यांचा सत्कार झाला त्यांची भाषणं, मग पेटीवाल्याला शोधायला माणूस. तिसरी घंटा होते तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं झोपून गेलेली असतात, आणि पहाटे नायक शेवटचं पद म्हणतो तेव्हा आयांनी त्यांना हलवून उठवायचं, ‘बघ बघ, आता खरं गाणं आहे,’ म्हणून. मोठा कलाकार पहाटेच यायचा. जत्रेत तसं, वुडस्टॉकला तसं. तेव्हा अंजुणलाही तसंच असणार. आम्ही मफलर गुंडाळले आणि बसायला जागा शोधू लागलो.

जागा होती. वाळूच्या कडेने ओळीने चटया घातल्या होत्या, प्रत्येक चटईवर एक रॉकेलची चिमणी, एक स्टोव्ह आणि एक बाई. आल्याचा चहा, आम्लेट-पाव, केळी, बिस्किटं, सिगारेटी. आसपासच्या गावांतल्या बायका होत्या. दर पार्टीला येऊन रात्रभर बसायच्या. मागे चटईवर त्यांची पोरं गाढ झोपलेली. एवढ्या आवाजात झोपलेली पोरं पाहून मला खरं म्हणजे काहीतरी समजायला हवं होतं.

आम्ही एका चटईवर टेकलो. बाईने चिमणी उचलून माझ्या तोंडासमोर धरली.

“रे, तूं फोंड्याच्या मास्तराचो पूत न्हय? गेल्या जत्रेक भालदार जाल्लो तो?”

गोव्यात बंड करणं अवघड आहे. प्रदेश लहान पडतो. तिची बहीण आमच्या वाड्यावर दिलेली निघाली, म्हणजे ती माझी मावशी झाली, म्हणजे तिथून पुढे आम्ही तिच्या ताब्यात गेलो. तिने आम्हाला चटईच्या आतल्या बाजूला बसवलं, पोरांच्या रांगेत. घरून सांगून आलात का, असं विचारलं. आतेभावाने स्वतःला शोभेल अशा आवाजात सांगितलं की तो मुंबईचा आहे. “मग कितें जालें?” ती म्हणाली आणि त्याच्या हातात विसळायचे ग्लास दिले.

भूक लागली होती. तिच्या तव्यावर आम्लेटं उलटत होती, हिरव्या मिरचीचा आणि कांद्याचा वास सुटला होता. आम्ही दोन मागितली.

“आज पुनव. दत्ताची जयंत. तांतीं खावपाचीं नात.”

आणि तिने ती दोन आम्लेटं एका जर्मन बाईला दिली. आजूबाजूला काय चाललं होतं ते मी इथे लिहीत नाही, आई हा लेख वाचणार आहे. पण त्या सगळ्याच्या मधोमध आमची पौर्णिमा अशी कडक शिवराक, म्हणजे शाकाहारी, पाळली गेली. आम्ही चकल्या खाल्ल्या. एका दाढीवाल्याने त्यातली एक मागून घेतली, डोळे मिटून चावली आणि बराच वेळ तिच्याकडे हातात धरून पाहत राहिला. आईच्या चकलीला इतकी दाद घरी कधी मिळालेली नाही.

बारा वाजले. माणसं वाढली. साउंड चेक चालूच. एक वाजला. मी मावशीला विचारलं, “गायक कधी येणार?”

“गावपाक कोण येवचो ना रे. टेप वाजता, ती पळय.”

तिने बोट केलं तिकडे खरंच एक बारीकसा माणूस टेबलामागे उभा होता. त्याच्यापुढे दोन कॅसेट प्लेअर आणि विजेरी. विजेरीच्या उजेडात तो कॅसेटवरचं नाव वाचायचा, एक काढायचा, दुसरी घालायचा. आतेभावाने त्याला बारकाईने पाहिलं आणि निकाल दिला, “हा मध्यंतरात वाजवायला ठेवलेला माणूस.”

मला वाटतं, त्या रात्री अंजुणला नाद सोडून दुसऱ्या कशावर विश्वास असलेले आम्ही दोघेच होतो. एका इटालियनाला आतेभावाने इंग्रजीत विचारलं की बँड कुठे आहे. त्याने हसून छातीवर हात ठेवला. आतेभावाने मला भाषांतर करून सांगितलं की बँड वाटेत आहे.

हकिकत पुढे बऱ्याच वर्षांनी कळली. सत्तरच्या दशकात त्या किनाऱ्यावर खरोखर गिटारी वाजायच्या. हिप्पींनी वाद्यं आणि अॅम्प्लिफायर आणले होते, चांदण्यात रॉक चालायचा, आणि आतेभावाने मुंबईत ऐकलेल्या दंतकथा त्या काळच्या होत्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते मागे पडलं आणि युरोपातून आणलेल्या कॅसेटी आल्या. यंत्रावर तयार केलेलं, बहुतेक ठिकाणी शब्द गाळून टाकलेलं संगीत. म्हणजे रॉकला पोचायला आम्हाला काही वर्षं उशीर झाला होता, आणि ज्या संगीताला नव्वदच्या दशकात जगभर ‘गोवा ट्रान्स’ म्हणू लागले ते जन्माला येत असताना आम्ही वीस पावलांवर बसून ग्लास विसळत होतो. लंडनला माणसं असल्या आठवणी सांगून मुलाखती देतात. माझ्यापाशी सांगण्यासारखं एवढंच की पाणी खारं होतं आणि साबण संपला होता.

तीनच्या पुढे मावशीच्या चहाला गर्दी उसळली. आतेभाऊ आता ट्रे घेऊन नाचणाऱ्यांमध्ये फिरू लागला. सुरुवातीला तो कवटीचा टी-शर्ट ताठ ठेवून चालायचा. नंतर ‘चाय, चाय’ म्हणू लागला. त्याला लय सापडली होती. ठोक्यावर पाऊल पडलं की ग्लास हिंदकळत नाही, हे त्याने मला येऊन समजावलं, आणि त्या रात्रीचा संगीतविषयक शोध म्हणायचा तर तो एवढाच.

पहाट झाली. पूर्वेला फटफटलं तसे आम्ही दोघं उठून उभे राहिलो. आतेभावाने केसांवरून हात फिरवला. आता येणार. टेबलामागच्या माणसाने विजेरी विझवली, वाकला, आणि खोक्यातून नवी कॅसेट काढली. ठोका जरा वाढला. सूर्य वर आला, लोकांनी हात वर केले, मावशीने भाजीसाठी बटाटे सोलायला घेतले. सकाळचे नऊ झाले, हेंड्रिक्सची वेळ टळली. राष्ट्रगीत कुठल्याच देशाचं झालं नाही. आम्ही निघालो तरी ते चालूच होतं. मावशीने आम्हाला कष्टाचे पैसे दिले, ते मोजून दिले, आणि आम्ही प्यालेल्या चहाचे कापून घेतले.

घरी बाबा ओसरीवर वाटच पाहत होते.

“कसं झालं गायन?”

“मुख्य गायक आलेच नाहीत,” आतेभाऊ म्हणाला. रात्रभराच्या जागरणाने त्याचा आवाज इतका बसला होता की त्यात खरं दुःख ऐकू येत होतं.

“आलेच नाहीत? मग वाजवलं काय?”

“टेप.”

“भैरवी?”

“नाही झाली, मामा.”

बाबांनी कार्यक्रमाचं ठिकाण विचारलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, निदान झोपेत तसं वाटलं, म्हणून मी ते सांगितलं. बाबांना अंजुण म्हणजे म्हापशापलीकडचं एक गाव, एवढंच ठाऊक. ते आत गेले, पॅड घेतलं आणि लिहायला बसले. वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात बाबांचा राबता होता. रस्त्यावरचे दिवे, पाठ्यपुस्तकांतली शुद्धलेखनं आणि राजभाषेचा प्रश्न ह्या विषयांवर संपादक त्यांना ओळखून होते. ह्या वेळचं पत्र मला तोंडपाठ आहे:

‘मार्गशीर्ष पौर्णिमेनिमित्त अंजुण येथे झालेल्या इंग्रजी गायनाच्या कार्यक्रमास फोंड्यासारख्या दूरच्या ठिकाणाहून आलेल्या तरुण रसिकांची घोर निराशा झाली. मुख्य गायक अखेरपर्यंत आले नाहीत. श्रोत्यांना रात्रभर ध्वनिमुद्रित संगीतावर समाधान मानावे लागले. भैरवीही झाली नाही. आयोजकांनी याचा त्वरित खुलासा करावा.’

खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि पत्ता.

पत्र एक शब्दही न गाळता छापून आलं. सकाळी पोदेर पाव घेऊन आला तो हसतच. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात त्याला कोणीतरी ते वाचून दाखवलं होतं. सायकलवरून न उतरता, एक पाय पायरीला टेकून, त्याने आईला अंजुणच्या पार्ट्यांमध्ये काय काय चालतं ते सविस्तर समजावून दिलं. आई पाव न घेताच आत आली. आतेभाऊ आदल्या संध्याकाळच्या बसने मुंबईला गेला होता. मी घरात होतो.