९५ टक्के रिकव्हरी नेमकी कशाची? : सॉक्सलेटवरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: मातीतली प्रदूषकं काढायची सॉक्सलेट ही पद्धत (उकळून थंड केलेलं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, मातीवरून पुन्हा पुन्हा सोडणं) कालबाह्य झाली, तिच्यात १६ तास आणि ३०० मिली सॉल्व्हंट जातं. तेच काम अल्ट्रासॉनिक बाथमध्ये (ध्वनिलहरींनी बाटल्या हलवणाऱ्या पाण्याच्या टबात) ३० मिली सॉल्व्हंट घालून २० मिनिटांत होतं, आणि पीएएचची (अर्धवट ज्वलनातून तयार होणाऱ्या, अनेक बेंझीन-वलयांच्या प्रदूषकांची) रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी परत मिळालेला वाटा, ९५ टक्के येते. सॉल्व्हंटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. रिकव्हरीचा मात्र नाही.

तुम्ही कोऱ्या मातीत स्टँडर्ड (पीएएचचं माहीत असलेलं प्रमाण) टाकून तासाभरानं एक्स्ट्रॅक्शन केलंय, म्हणजे ते सॉल्व्हंटनं परत काढलंय. तासाभरात ते रेणू कणांच्या पृष्ठभागावरच असतात, नुसतं खळबळून काढले तरी निघतात. रस्त्याकडेच्या मातीत वर्षानुवर्षं साचलेला बेंझो(ए)पायरीन (एक पीएएच) ह्यूमसमध्ये (कुजलेल्या सेंद्रिय भागात) आणि काजळीच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेला असतो. म्हणजे तुमचे ९५ टक्के एवढंच सांगतात की गाळताना, आटवताना आणि क्लीनअपमध्ये (नको ते घटक वेगळे करताना) फारसं काही हरवलं नाही. सरोगेटचंही (नुकसान मोजायला प्रत्येक नमुन्यात मिसळलेल्या, पीएएचसारख्या ओळखीच्या संयुगाचंही) तेच, कारण तेही आपणच ऐन वेळी घातलेलं असतं.

सॉक्सलेटची ताकद उष्णतेत नाही, ताज्या सॉल्व्हंटमध्ये आहे. तासाला ४ ते ६ सायफन (भांडं भरून आपोआप रिकामं होण्याच्या फेऱ्या) धरले तर १६ तासांत माती ६४ ते ९६ वेळा कोऱ्या सॉल्व्हंटमध्ये भिजते. बाथमध्ये तेच ३० मिली शेवटपर्यंत. समतोल साधला की पुढे काही सरकत नाही. शिवाय बाथमध्ये ऊर्जा सगळीकडे सारखी पोचत नाही, कोपऱ्यातली बाटली आणि मधली बाटली वेगळे आकडे देतात. अमेरिकी पर्यावरण संस्था ईपीएची ३५५० ही पद्धत अल्ट्रासॉनिकच आहे, पण ती प्रोबवर (थेट नमुन्यात बुडवलेल्या कंपन-दांड्यावर) चालते आणि कमी प्रमाणातल्या प्रदूषकांसाठी १०० मिली सॉल्व्हंट तीनदा वापरायला सांगते.

तुलना करायचीच तर खरोखर प्रदूषित माती घ्या. सावलीत वाळवून, २ मिमी चाळणीतून काढून, नीट मिसळून त्याच ढिगातून प्रत्येक पद्धतीला किमान ५ नमुने द्या. सोबत पीएएचचं प्रमाणित संदर्भ-द्रव्य (ज्यातलं प्रमाण आधीच ठरवून प्रमाणित केलेलं असतं) ठेवा. मग उरलेल्या मातीचं ताज्या सॉल्व्हंटनं पुन्हा एक्स्ट्रॅक्शन करा. इथे एक फसगत हमखास होते: सेंट्रिफ्यूजनंतर ३० पैकी ४ मिली मातीत अडकलं, तर पहिल्या फेरीतलेच १३ टक्के दुसरीत दिसतात. बाटली आधी आणि नंतर तोलून तेवढं वजा करा. त्यावर जे उरेल, ते पहिल्या फेरीत निघायचं राहून गेलेलं.

काळ्या मातीत नुसतं हेक्झेन वापरू नका. ओलसर ढेकळांत ते शिरतच नाही. ॲसिटोन-हेक्झेन १:१ लागतं. पण क्लीनअपच्या सिलिका कॉलमआधी ॲसिटोन पूर्ण काढून हेक्झेनवर यायलाच हवं, नाहीतर पीएएचसोबत सगळा तपकिरी गाळ खाली उतरतो. आटवताना नमुना कोरडा पडू दिला तर नॅफ्थलीन (सर्वात हलकं, सहज उडून जाणारं पीएएच) गेलंच समजा.

वेळ वाचवायचा असेल तर दाबाखालचं एक्स्ट्रॅक्शन घ्या: १०० अंश सेल्सिअस, १५०० पीएसआय, ५ मिनिटं स्थिर. ओली माती असेल तर सेलमध्ये (माती भरायच्या नळकांड्यात) ओलावा शोषणारं सोडियम सल्फेट घालू नका, गरम सॉल्व्हंटबरोबर पुढे जाऊन नळ्या तुंबवतं. डायटोमेशियस अर्थ (सूक्ष्म शैवालांच्या कवचांची भुकटी) वापरा. मायक्रोवेव्हनं केलेलं एक्स्ट्रॅक्शनही चांगलं. बाथ मी फक्त प्राथमिक तपासणीसाठी ठेवेन.

प्रत्यक्ष जागेवरून आणलेल्या नमुन्यांची बाथमधून निघालेली माती तुमच्याकडे अजून असेल, तर तीच थिंबलमध्ये (सॉक्सलेटमधल्या, नमुना ठेवायच्या सच्छिद्र नळीत) भरून रात्रभर सॉक्सलेटला लावा आणि दोन्ही आकडे इथे टाका.